दिवे लागतात, सेल्फ फिरत नाही

जुन्या जीपच्या मालकाला सर्वांत महाग पडणारं वाक्य एकच आहे: “दिवे तर झगझगीत लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे, सेल्फच गेलेला दिसतो.” या एका वाक्यापायी किती धडधाकट सेल्फ गाडीखालून उतरवले गेले, किती आर्मेचर विनाकारण गुंडाळायला गेली आणि किती नव्या बॅटऱ्या खपल्या, याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. ठेवला असता तर बॅटरीवाल्यांनी हे वाक्य तसबीर करून दुकानात लावलं असतं आणि रोज उदबत्ती ओवाळली असती.

नाकाडोंगरीत मी ते बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं आहे, कारण इथे जुन्या जीप अजून कामावर आहेत. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातलं, उत्तरेकडच्या टोकाचं हे गाव. पुढे बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या, त्यांच्यावर साग, ऐन, मोह आणि टेकड्यांच्या मधल्या सखलात धानाच्या बांध्या. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत, गावाच्या नावाने वनखात्याचं परिक्षेत्र आहे. डांबरी रस्ता सोडला की मुरूम, मुरूम सोडला की गाळ, आणि जंगलात शिरलं की रस्ता कोणता आणि नाला कोणता हे पावसाळ्यानंतर नव्याने ठरवावं लागतं. अशा मुलखात जीप ही हौसेची चीज नसते. जंगलातली गस्त, खाणीच्या ठेकेदारांची ये-जा, उन्हाळ्यातला तेंदूपत्ता, काळी-पिवळीतली सवारी, लग्नाचं वऱ्हाड आणि अडल्या बाईला तालुक्याला नेणं, हे सगळं जीपने केलेलं आहे. शहरात आजकाल जुनी जीप घेऊन तिला ऑलिव्ह रंग फासायची आणि रविवारी सकाळी चहा प्यायला न्यायची पद्धत पडली आहे. त्यात काही वाईट नाही. पण त्या गाडीला विचारायचे प्रश्न वेगळे आणि रोवणीच्या दिवसांत खताची पोती वाहणाऱ्या गाडीला विचारायचे प्रश्न वेगळे.

या गाडीचं कुळ तसं सर्वांना ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, अमेरिकेतल्या विलीज कंपनीने सैन्यासाठी केलेली जीप हा मूळ पुरुष. १९४५ मध्ये महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, पुढे तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं आणि मुंबईत माझगावला विलीजच्या जीपची जुळणी होऊ लागली. नंतर पेट्रोलचं इंजिन जाऊन डिझेलचं आलं, सहा व्होल्टची वीज बारा व्होल्टची झाली, नावं बदलत गेली. पण कमानपाट्यांवर बसवलेली ॲक्सलची दोन जाड हाउझिंग, मधे गिअरबॉक्स, त्याच्या मागे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी दुसरी पेटी, ही मूळ मांडणी काही दशकं हलली नाही. त्याचा फायदा असा की, ज्याचा हात एका जीपवर बसला त्याला सगळ्या जीप कळतात. माझ्याकडची एमएम ५४० आहे, २,११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन असलेली.

एका हिवाळ्यात तिने तेच केलं. किल्ली फिरवली की खालून ‘टक्’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. दिवे लख्ख, हॉर्न कडक. डिझेल गाडीचं एक बरं असतं, तिला सुरू व्हायला वीज लागते, चालत राहायला लागत नाही. उतार मिळाला की गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडायचा आणि निघायचं. तशी मी ती ढकलून सुरू केली आणि मिस्त्रीकडे आणली.

रस्त्याच्या कडेला टिनाची शेड, पुढे ऑइलने काळी झालेली जमीन, एका खांबाला टांगलेल्या जुन्या फॅन बेल्टच्या माळा. मिस्त्री खाणीच्या एका ठेकेदाराच्या वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून शिकलेला. बॉनेट उघडायच्या आधी त्याने माझं सगळं पुराण ऐकून घेतलं आणि मधेच थांबवलं. “बंद कवा पडली ते नोका सांगू जी. बंद पडाच्या आंधी का झालं, ते सांगा.”

मला एवढंच आठवत होतं की, अलीकडे गाडी सुरू केल्यावर इंजिन बंद करायची ओढायची मूठ हाताला गरम लागायची. या इंजिनाला बंद करायला किल्ली नाही, डॅशबोर्डखाली एक मूठ असते. ती ओढली की तिची तार डिझेल पंपाचा पुरवठा तोडते. त्या तारेचा आणि विजेचा काडीचा संबंध नाही. मिस्त्री हसला. बॉनेटला हातही न लावता तो गाडीखाली सरपटत गेला आणि इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये असलेली तांब्याच्या विणलेल्या तारांची पट्टी ओढून दाखवली. ऑइल आणि धूळ खाऊन काळी पडलेली, एका टोकाला पार तुटलेली, चार-दोन तारांवर लोंबणारी.

आता यातली गंमत सांगतो. घरातल्या बल्बला दोन वायरी जातात. जीपमध्ये बहुतेक ठिकाणी एकच जाते. बॅटरीतून निघालेली वीज वायरीने दिव्यापर्यंत, हॉर्नपर्यंत, सेल्फपर्यंत पोचते आणि परत येताना बॉडीतून, चेसिसमधून, इंजिनच्या लोखंडातून बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला येते. म्हणजे जीपचा पत्रा हाही वायरिंगचाच भाग. त्याच्यावर चढलेला गंज, त्याच्यावर मारलेला रंग, बोल्टखाली साचलेला चिखल, हे सगळं त्या वाटेत बसतं. आणि इंजिन तर चेसिसला थेट टेकलेलंच नसतं. हादरे लागू नयेत म्हणून ते रबराच्या माउंटिंगवर ठेवलेलं असतं. रबर वीज जाऊ देत नाही. म्हणून ती विणलेली पट्टी. पट्टी तुटली की सेल्फने ओढलेली वीज परतीची दुसरी वाट शोधते. माझ्या गाडीत तिला ती बंद करायच्या तारेत सापडली. बोटाएवढ्या जाड केबलची वीज सुतळीएवढ्या तारेतून जाऊ लागली तर मूठ गरम होणारच. कुणाच्या गाडीत तीच वाट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून निघते आणि प्लास्टिक जळल्याचा वास येईपर्यंत मालक रेडिएटर तपासत बसतो.

हिशोब साधा आहे आणि तो एकदा तरी कागदावर करून बघावा. डिझेल जीपचा सेल्फ इंजिन फिरवताना २०० अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. वाटेतल्या एखाद्या जोडात एका ओमचा शंभरावा हिस्सा एवढाच अडथळा आला, तर त्या जोडातच २ व्होल्ट खर्ची पडतात. बारामधून दोन गेले. तीन शतांश ओम झाला तर सहा गेले, सेल्फच्या वाट्याला अर्धीच बॅटरी उरली. तोच जोड दिव्याच्या वाटेत असेल तर? साठ वॉटचा दिवा पाच अँपिअर ओढतो. त्याचं नुकसान एका व्होल्टचा विसावा भाग. डोळ्याला कळणारसुद्धा नाही. म्हणून दिवे झगझगीत लागतात आणि सेल्फ ‘टक्’ करून बसतो. दोघेही खरं बोलत असतात. आपण एकाची साक्ष दुसऱ्याच्या खटल्यात वापरतो.

यावर मिस्त्रीने केलेली चाचणी फुकटातली होती. जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं थेट इंजिनच्या उघड्या लोखंडाला. किल्ली मारली, सेल्फ गर्रकन फिरला. ज्याच्याकडे मल्टिमीटर आहे त्याने एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर ठेवावी आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावं. काटा ०.२–०.३ व्होल्टच्या वर गेला तर ‘अर्थ’, म्हणजे विजेची ही परतीची वाट, खराब आहे. सेल्फ न मारता हे मोजण्यात काही अर्थ नाही, तेव्हा सगळं छानच दिसतं. याच कारणाने टेस्ट लॅम्पवर माझा फार भरवसा नाही. पाच वॉटच्या बल्बला अर्धा अँपिअरही लागत नाही. केबलच्या आत एकच तार शाबूत असली तरी तो पेटतो आणि आपण त्या केबलला निर्दोष सोडतो. जिथे ओझं पडतं तिथे ओझं टाकूनच बघितलं पाहिजे.

पट्टी बदलताना मिस्त्रीने एक वाक्य टाकलं, “पार्टले काई होत नाई जी, जोड पाहाले पायजे.” ते मी पुढे गाडीच्या प्रत्येक बिघाडाशी ताडून बघितलं आहे आणि माझं मत आता पक्कं आहे: चाळिशी गाठलेल्या जीपमध्ये दहापैकी बहुतेक वेळा वस्तू बिघडलेली नसते, दोन वस्तूंमधला जोड सुटलेला, सैल झालेला किंवा गंजलेला असतो. कारखान्यातून आलेला सेल्फ, पंप, डायनमो दांडगे असतात. त्यांना एकत्र आणणारा नट, वायसर, रबरी नळी, पट्टी, हे सगळं किरकोळ म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. बिल मोठ्या वस्तूचं होतं, दोष लहान वस्तूचा असतो.

डिझेलच्या बाबतीत हे फार त्रासदायक रूप घेतं. गाडी सकाळी सुरू होते, शे-दोनशे पावलं चालते, धाप लागल्यासारखी अडखळते आणि बंद. पुन्हा सुरू होता होत नाही. याला आपल्याकडे ‘एअर धरली’ म्हणतात. डिझेलच्या टाकीपासून पंपापर्यंतची वाट ओढून घेण्याची आहे. त्या वाटेतल्या जोडाला बारीकशी चीर असली, तर डिझेल बाहेर गळत नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. शहाळ्याच्या नळीला वरच्या बाजूला चीर गेली की पाणी वर येत नाही, नुसती हवा येते, तसंच. गळती दिसत नाही म्हणून मालकाची समजूत होते की पंप गेला. पंप उतरवणं, तो मोठ्या शहरात कॅलिब्रेशनला पाठवणं, नोझल काढणं, असा खर्च सुरू होतो. सगळं करून गाडी जोडली की दोन दिवस नीट चालते, कारण जोडताना एअर काढलेली असते. तिसऱ्या दिवशी तिथेच.

इथे मिस्त्रीची युक्ती बघण्यासारखी आहे. फिल्टर आणि पंप यांच्यामधली रबरी नळी काढून त्याने तिथे हातभर पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवली आणि इंजिन चालू ठेवून आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. पिवळसर डिझेल संथ वाहत होतं. मग एक बुडबुडा आला, साबुदाण्याएवढा. थोड्या वेळाने दुसरा, त्याच्यामागे तिघांची रांग. मग त्याने नळी एकेक जोड मागे मागे नेत लावली. फिल्टरच्या आधी बुडबुडे आहेत का? आहेत. म्हणजे फिल्टर सुटला. टाकीजवळ? नाहीत. म्हणजे दोष यांच्यामध्ये. अर्धा भाग सोडायचा, उरलेल्याचा पुन्हा अर्धा करायचा. शेवटी चोर सापडला तो एका बँजो बोल्टखालचा तांब्याचा वायसर, वारंवार आवळून चपटा आणि कडक झालेला. तांब्याचा वायसर आवळला की कठीण होत जातो. तो लालसर होईपर्यंत तापवून गार केला की पुन्हा मऊ पडतो आणि बसतो. नवा मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तर स्टोव्हवर काम भागतं. नंतर फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हाताच्या प्रायमरने डिझेल मारायचं, फेस थांबून स्वच्छ धार आली की स्क्रू आवळायचा, मग नोझलच्या पाइपांचे नट सैल करून सेल्फ मारायचा आणि एकेक आवळत जायचं. हे काम घाईने करणारा माणूस अर्ध्या तासाने परत तेच करत असतो.

पेट्रोलच्या जीप आता थोड्या उरल्या. ओळखीतल्या एका शेतकऱ्याकडे सीजे-३बी होती, हरिकेन इंजिनवाली. भंडाऱ्याच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा ती दुपारी हटकून बंद पडायची आणि अर्ध्या तासाने काही न करता सुरू व्हायची. या एका लक्षणाचे दोन आजार आहेत. एक, पेट्रोल पंप आणि त्याची नळी एक्झॉस्टच्या बाजूलाच असल्याने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ओढू शकत नाही. दोन, इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सर तापल्यावर दम सोडतो आणि गार झाल्यावर सावरतो. ओला फडका पंपावर टाकून बघणं हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय. पण फडका टाकून वाट बघण्यात कॉइलही गार होते, मग कुणामुळे गाडी सुरू झाली हे कसं कळणार? म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच, एका प्लगची वायर काढून इंजिनजवळ धरायची आणि सेल्फ मारायचा. निळी ठिणगी उडाली तर वीज ठीक, पेट्रोलकडे जा. ठिणगीच नाही किंवा पिवळट, मरगळलेली आली, तर फडका बाजूला ठेव, डेल्कोची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, टोपी उघड, पॉइंट बघ. पॉइंटमधली फट ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर संशय कंडेन्सरवर. बंद पडलेली गाडी गार होऊ देणं म्हणजे पुरावा हातचा घालवणं.

पाण्याचा त्रास वेगळा. नाल्यातून जाताना पेट्रोलची गाडी डेल्कोत पाणी गेल्याने मरते, हे सगळ्यांना दिसतं. फॅनने पाणी उडवू नये म्हणून जुने ड्रायव्हर खोल पाण्यात शिरण्याआधी फॅन बेल्ट उतरवायचे. न दिसणारं नुकसान खाली होतं. तासभर चाललेल्या गाडीचं हाउझिंग तापलेलं असतं. ते थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते. हाउझिंगच्या वरचं श्वास घ्यायचं छोटं तोंड चिखलाने बुजलं असेल, तर ती हवा ऑइल सीलमधून पाणी आत ओढून घेते. मग ऑइल दुधी होतं आणि दोन-तीन महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागतं. तपासायचं असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी खालचा बोल्ट थोडासाच ढिला करावा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं आणि आधी तेच ठिबकतं.

फोर बाय फोरच्या दांडीबद्दल एवढंच सांगतो की, ती अडकली तर हातोडी शोधू नये. या गाड्यांत पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाला बांधली जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं. गाळात चाक थोडं घसरतं आणि ताण निघून जातो, डांबरावर तो निघत नाही, दात्यांमध्ये कोंडून राहतो आणि दांडी हलत नाही. गाडी चार-सहा फूट मागे घ्या, दांडी आपसूक सुटते. हे माहीत नसलेल्या लोकांनी आतले फोर्क तोडलेले मी पाहिले आहेत.

वायरिंगचा शत्रू आमच्याकडे उंदीर. धान निघालं की तणस त्याच शेडमध्ये रचली जाते जिथे जीप उभी असते. तणशीत उंदीर, आणि डॅशबोर्डच्या मागे उंदरांचं बाळंतघर. वायरीवरचं आवरण कुरतडलं जातं, दोन वायरी एकमेकींना टेकतात, फ्यूज उडतो. फ्यूज उडाला म्हणजे गाडीने आपल्याला काहीतरी सांगितलं. त्याच्याऐवजी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून बसवणं म्हणजे तिचं तोंड दाबणं. या चांदीने जळलेल्या गाड्यांचे सांगाडे महाराष्ट्रातल्या कुठल्याही कबाडीकडे मिळतील. आणखी एक. जुन्या जीपमध्ये रिले नसतो, मोठ्या दिव्यांची सगळी वीज डॅशबोर्डवरच्या बटणातून जाते. बटण गरम लागत असेल तर जास्त वॉटचे बल्ब घालून मर्दुमकी दाखवण्याऐवजी आधी दोन रिले बसवून घ्यावेत.

नव्या गाड्यांना स्कॅनर लागतो आणि त्याला नावं ठेवणारा मी नाही. पण स्कॅनर काय सांगतो, तर अमुक सेन्सरकडून आकडा बरोबर येत नाही. सेन्सर बिघडला, की त्याच्या प्लगमध्ये हिरवा गंज चढला, हे तो सांगत नाही. शहरातल्या एका वर्कशॉपने एका नातेवाइकाच्या गाडीत ओळीने तीन सेन्सर बदलले. चौथ्यांदा एका पोराने कनेक्टर काढून पुसला आणि गाडी नीट झाली. ते पोरगं कुणीतरी आमच्या मिस्त्रीसारख्याच्या हाताखाली तयार झालेलं असणार. वस्तू बदलायला पैसे लागतात, जोड तपासायला वेळ लागतो, आणि गिऱ्हाईक वेळेचे पैसे द्यायला तयार नसतं. दोष एकट्या वर्कशॉपचा नाही.

ज्या मल्टिमीटरने आपण हे सगळे व्होल्ट मोजतो, त्याच्या पोटात कोरडा सेल असतो. १८६६ साली जॉर्ज लेक्लांशे याने जस्त आणि मँगनीज डायऑक्साइड वापरून जो सेल केला, त्याच घराण्यातला. डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइड याच कामाला जातं, आणि तिथेच मॉइल या सरकारी मँगनीज कंपनीचा विद्युतविघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड करण्याचा कारखाना आहे. १८९६ मध्ये सुरू झालेल्या इंग्रजी कंपनीने या पट्ट्यातलं मँगनीज खणलं, १९६२ मध्ये मॉइल स्थापन झाली, तुमसर–तिरोडी रेल्वेने ते काळं खनिज वर्षानुवर्षं वाहिलं. पोलादात मँगनीज मिसळलं की ते चिवट होतं, म्हणजे जीपच्या कमानपाट्यांतही ते असतं. इथल्या शाळेतल्या पोरांना काळे दगड दाखवून ‘यातून काय होतं’ विचारलं तर ती ‘लोखंड’ म्हणतात. टॉर्चमधला जुना सेल फोडून आतली काळी भुकटी त्यांना कुणी दाखवली पाहिजे. विज्ञानाचा तो तास गावाच्या मालकीचा आहे.

आता जुन्या गाड्यांवर कायद्याची नजर आहे. पंधरा वर्षं झाली की खाजगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करावी लागते, तपासणी होते, आणि २०२१ पासून मोडीत काढण्याचं धोरणही आलं आहे. धूर ओकणारी, ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावरून गेलीच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. पण अनेक जीप धोरणामुळे मोडीत जात नाहीत. सेल्फ गेला, मग बॅटरी गेली, मग पंप गेला, असा खर्च करून करून मालक कंटाळतो, ताडपत्री टाकून देतो आणि एका दिवाळीला कबाडी येऊन वजनावर घेऊन जातो. वजनावर गेलेल्या त्या गाड्यांत चांगले सेल्फ आणि चांगले पंप किती होते, हे कबाड्याला विचारा.

तेव्हा तुमच्या आजोबांच्या, काकांच्या वाड्यात अशी एखादी उभी असेल, तर भावाची घासाघीस करण्याआधी एक सकाळ तिला द्या. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं काढून गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, हिरवं-पांढरं सगळं निघेपर्यंत. चेसिसवरचा आणि इंजिनवरचा अर्थचा बोल्ट काढा, त्याच्याखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकेपर्यंत साफ करा, घट्ट आवळा, आणि आवळल्यावर वरून ग्रीस लावा, आधी नाही. पट्टी तुटली असेल तर नवी घाला. चार्ज केलेली बॅटरी बसवा, मग किल्ली फिरवा. आणि हे सगळं करताना निगेटिव्ह केबल सर्वांत आधी काढा, सर्वांत शेवटी लावा. नाहीतर पाना बॉडीला टेकला की काय होतं ते सांगायला मिस्त्री लागणार नाही.